पायात जोडे घातलेली अक्षरं

आमचे हे नागपट्टणला गेले ते कागद कापायचं यंत्र आणायला. तिथल्या एका जहाजकंपनीने आपला छापखाना मोडीत काढला होता आणि सामान लिलावात निघालं होतं. आमच्याकडे कागद मी कापत असे, पट्टी धरून, सुरीने. माझ्या डाव्या अंगठ्यावर त्याच्या खुणा अजून आहेत. यंत्र येणार म्हणून मी खुशीत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराशी स्टेशनावरची बैलगाडी थांबली. गाडीत यंत्र नव्हतं. चपटे, लांबट लाकडी खण होते, आणि ते उतरवताना गाडीवान तमिळमध्ये जे पुटपुटत होता ते मी इथे लिहिणार नाही.

"यंत्र कुठंय?" मी विचारलं.

"ते दुसऱ्या कुणी नेलं," हे म्हणाले. "पण हे बघ तर खरं."

त्यांनी खणातून छपाईचा एक खिळा उचलला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. इंग्रजी एच होता. शिशाचा, गार, आणि त्या मापाच्या मानाने भलताच जड.

"पाय बघ त्याचे," हे म्हणाले.

पाय होते खरे. आम्ही रोज छापायचो त्या इंग्रजी अक्षरांना टोकाशी बारीक, निमुळती शेपटी असते. ह्याला चौकोनी ठोकळे होते, खाली दोन आणि वर दोन. उभी दांडी जितकी जाड तितकीच, निदान जवळपास तितकीच, आडवी दांडी. बारीक रेघ म्हणून कुठे नाहीच. शिपायाने दोन्ही पाय जोड्यांत घालून जमिनीवर रोवावेत तसं ते अक्षर उभं होतं.

"सगळी अशीच?" मी विचारलं.

"सगळी," हे म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते आमच्या लग्नातही दिसलं नव्हतं.

आमचा छापखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. तंजावरात, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, जिथे तेव्हा एकाआड एक घर मराठीच होतं. पायाने चालवायचं एक यंत्र, थोडे तमिळ खिळे, थोडे इंग्रजी, आणि देवनागरीचा एक अर्धा-अधिक रिकामा खण, कारण देवनागरीत छापून घेणारे फारसे कुणी उरले नव्हते. हे मजकूर जुळवायचे, यंत्र चालवायचे. मुद्रितं मी तपासायची. माझे वडील शाळेत इंग्रजी शिकवीत आणि त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी आपली सगळी विद्या माझ्या डोक्यात कोंबली होती. घरात तिसरी होती माझी धाकटी नणंद. सासू-सासरे नव्हते, त्यामुळे तिचे आई-बाप आम्हीच.

इंग्रज छपाईवाले ह्या वळणाला 'इजिप्शियन' म्हणत. एवढ्यावरून ह्यांचा पक्का ग्रह झाला की पिरॅमिड बांधणाऱ्यांनीच ही अक्षरं घडवली. मी वडिलांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, इजिप्तशी काही संबंध नाही. विलायतेत त्या काळी इजिप्तचं वेड होतं, त्यावरून नाव पडलं असेल. मी घरी येऊन तसं सांगितलं.

"तुझ्या वडिलांनी इजिप्त पाहिलंय का?" हे म्हणाले.

ह्यांनी तर मद्राससुद्धा धड पाहिलं नव्हतं. पण वाद घालायची सोय नव्हती. त्या दिवसापासून ह्यांच्या तोंडी ती इजिप्तचे 'राजे' झाली. मी त्यांना 'पैलवान' म्हणायची.

आता खरं सांगायचं तर काही कामांना ती अक्षरं शोभायचीच. लिलावाच्या नोटिसा, गुरांच्या बाजाराची पत्रकं, तंबूतल्या सिनेमाच्या जाहिराती, तांदळाच्या गिरणीचे भाव. स्वस्त, खरबरीत कागद असो, शाई कमी-जास्त होवो, पैलवान उमटायचेच. भिंतीवर डकवलेली नोटीस पाऊस खाऊन, ऊन खाऊन, शेळीने एक कोपरा चावल्यावरही रस्त्याच्या पलीकडून वाचता येई. हे सगळं मला मान्य होतं. पण ह्यांना प्रमाण म्हणून नाही. दंतमंजनाची पुडी आली, पैलवान. सुवासिक तेलाची चिठ्ठी, पैलवान. कुणी गृहस्थ भेटीची कार्डं छापायला आले तर त्यांचं नाव असं छापलं की ते कार्ड कुणाच्या हातात देणं म्हणजे त्याच्या छातीवर बुक्की मारणं. तमिळ पत्रकाच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजीत 'नोटीस' असं जाड अक्षरांत घालायचंच.

"अहो, वाचणाऱ्याला इंग्रजी येत नाही," मी म्हणायची.

"यायला कशाला हवंय? थांबतो की नाही बघ."

आणि थांबायचेच लोक. का थांबायचे ते मला कळत होतं, ह्यांना कळत नव्हतं. कोर्टाच्या दारावर, कलेक्टरच्या कचेरीत, स्टेशनात, जिथे म्हणून सरकार काही दरडावून सांगायचं तिथे ह्याच जातीची अक्षरं असत. लोकांना वाचता येत नव्हती, पण ओळखता येत होती. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहायची. तिच्या भिंतीवर कुणीतरी आमच्याकडे छापलेली दंतमंजनाची जाहिरात डकवली. म्हातारी पोतडी बांधून आमच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसली आणि रडायला लागली. घर गेलं, म्हणाली. मी तिला पाणी दिलं, जाहिरात मोठ्याने वाचून दाखवली, दात स्वच्छ होतात असं लिहिलंय म्हणून शपथेवर सांगितलं. तिला तोंडात एक दात नव्हता. तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. शेवटी मी तिच्याबरोबर जाऊन तो कागद भिंतीवरून खरवडून काढला तेव्हा ती घरात गेली.

हे मी संध्याकाळी सांगितलं तर ह्यांनी कौतुकाने मान हलवली. "बघितलंस? दंतमंजनाला केवढा वजनदारपणा आला."

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. दुसरं काय करणार?

दुसरी अडचण अशी की पैलवान एकाच मापाचे होते. लहान नाहीत, मोठे नाहीत. ठळक करायचं ते सगळं सारखंच ठळक. हे किती महागात पडू शकतं ते तिरुवैयारुच्या एका गवयांनी दाखवून दिलं. देवळातल्या त्यांच्या गाण्याचं पत्रक आमच्याकडे आलं होतं. गायक ते, व्हायोलिनवर एक जण, मृदंगावर एक जण. गायकाचं नाव मोठं, साथीदारांची लहान, हे कावेरीकाठच्या पोरालाही ठाऊक. मी तसं लिहूनही ठेवलं होतं. ह्यांनी तिन्ही नावं पैलवानांत जुळवली. एकाखाली एक, तिघं सारखे, दंड थोपटून उभे.

गवई स्वतः आले. छत्री मिटली नाही, जोडे काढले नाहीत, अंगणातूनच तमिळमध्ये कडाडले.

"मृदंगवाला माझ्याएवढा? उद्या तंबोरा धरणाऱ्यालाही माझ्याएवढा करा!"

"त्याचं नाव आपण दिलंच नव्हतं," हे अगदी मनापासून म्हणाले. "दिलं असतंत तर केलं असतं."

मी दाराआड उभी होते. मला वाटलं, जमिनीने मला पोटात घ्यावं. गवई आले तसे गेले आणि पुन्हा कधी त्यांचं काम आमच्याकडे आलं नाही. मृदंगवाले मात्र दुसऱ्या दिवशी येऊन उरलेला गठ्ठा काखेत मारून घेऊन गेले.

त्यानंतर मी वडिलांकडे हट्ट धरला, आणि ते मद्रासला गेले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी एक लहानशी पेटी आणली. तिच्यात नाजूक, तिरक्या वळणाची इंग्रजी अक्षरं होती. जाड रेघ हलकेच बारीक होत जाई आणि केसासारखी होऊन वेलांटी घेई. आकड्यांच्या टोकांना मोत्यासारखी गाठ. मी ती पेटी उघडून बघत बसायची. ह्यांनी एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आजारी आहेत का?"

त्याच सुमारास नणंदेचं लग्न ठरलं. मुलगा कुंभकोणमला शाळेत शिकवत होता. त्याचे वडील निवृत्त तहसीलदार. आमच्यातलेच, तीनशे कोसांवरून आलेल्या कुणा पूर्वजाची गोष्ट सांगणारे, घरात मराठी आणि बाहेर बाकी सगळं. पत्रिका इंग्रजीतच हवी असं त्यांनी सांगितलं. वर देवनागरीत गणपतीला नमस्कार, खाली सगळं इंग्रजी. कारण त्यांचे कचेरीतले स्नेही यायचे होते आणि देवनागरी तर त्यांच्या स्वतःच्या मुलांनाही वाचता येत नव्हती.

मी ह्यांना आधीच बजावलं. "ही पत्रिका माझ्या अक्षरांत होणार. पैलवानांनी ह्या लग्नाला यायचं नाही."

"सरी," हे म्हणाले. बरं, असं. फार सहज म्हणाले, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

मी तो मजकूर स्वतः जुळवला. चिमट्याने, श्वास रोखून. पहिलं मुद्रित काढलं आणि माझं तोंड उतरलं. आमचं यंत्र जुनं, दाब एकीकडे जास्त, एकीकडे कमी. जिथे दाब कमी तिथे केसासारख्या रेघा उमटल्याच नव्हत्या. नवऱ्या मुलाच्या नावाचे नुसते तुकडे दिसत होते, आणि नवरी मुलीच्या नावातला कुठला ए आणि कुठला ओ ते सांगणं कठीण. जिथे दाब जास्त तिथे गाठी सुजल्या होत्या. ह्यांनी मुद्रित हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

"मी दाब बसवते नीट," मी म्हटलं. "खाली कागदाची भर घालून. मला थोडा वेळ द्या. तोवर हात लावायचा नाही."

नेमकं तेव्हाच तिरुवैयारुहून मावशी आजारी असल्याचा निरोप आला. मला जावं लागलं. मावशी बरी झाली. तिला ताप आला होता आणि त्याहून जास्त कंटाळा आला होता. आठवड्याने मी परत आले, पाय धुतले, आत गेले, तर माझी जुळवणी होती तशी कोपऱ्यात, वर फडकं टाकलेलं. यंत्रापाशी उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा. सर्वांत वरच्या पत्रिकेवर पैलवान उभे. विवाह. नवरीचं नाव. नवऱ्याचं नाव. वार, तिथी, सकाळी सहाचा मुहूर्त. सगळं सारखं जाड, सारखं उंच, चौकोनी पाय रोवून. बाकीचा मजकूर साध्या अक्षरांत बिचारा मधेमधे दबून बसलेला.

"गेल्या?" मी विचारलं.

"गेल्या," हे म्हणाले. "कुंभकोणमच्या वाट्याच्या पण गेल्या."

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, आठवलं तरी लिहिणार नाही. गवयापासून म्हातारीपर्यंत आणि कागद कापायच्या यंत्रापर्यंत सगळं बाहेर काढलं. बहिणीच्या लग्नाची जप्तीची नोटीस केलीत, म्हटलं. हे शाईचा रूळ पुसत ऐकत राहिले. एक शब्द उलट बोलले नाहीत. पुढे कित्येक दिवस, जेवताना, कापी म्हणजे कॉफी देताना, मी थांबले नाही आणि ते बोलले नाहीत. नणंद ताटावरून लवकर उठून जायची. मला वाटलं, भावाला बोललेलं तिला आवडत नसेल.

मग व्याही आले.

सकाळच्या गाडीने आले, एकटेच. तिण्णैवर बसले, आत यायला तयार नाहीत. मी कापी पाठवली, ती तशीच ठेवली. हे समोर उभे. मी उंबऱ्याच्या आत.

"माझ्या शेजाऱ्याने," व्याही म्हणाले, "ही पत्रिका हातात घेऊन मला विचारलं, कुठली जमीन निघालीय म्हणून. मी आयुष्यभर लिलावाच्या नोटिसांवर सही केली. माझ्याच घरी अशी नोटीस यावी?"

"नीट वाचता तर आली ना?" हे म्हणाले.

"वाचता आली! स्टेशनावरून वाचता आली असती! आणि हे काय?" त्यांनी पत्रिकेवर बोट आपटलं. "मुलीचं नाव मुलाच्या नावाएवढं? मुलाच्या बापाचं नाव साधं, खाली, बारीक, आणि मुलीचं हे एवढं?"

"माप एकच आहे," हे म्हणाले, आणि मला वाटलं आता तरी माफी मागतील. छे! त्यांनी पत्रिका व्याह्यांच्या हातातून घेतली आणि समजावून सांगायला लागले. उभी दांडी कशी, आडवी दांडी कशी, कागद कसाही असला तरी ही अक्षरं कशी हटत नाहीत, बैलगाडी वरून गेली तरी कसा टवका उडत नाही. व्याह्यांचा चेहरा लाल होत गेला. मी आतून हळूच "अहो, पुरे" म्हटलं. त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं.

"म्हणजे आपल्याला ह्यात काही चूकच वाटत नाही?" व्याही उठून उभे राहिले. "बहिणीच्या पत्रिकेचं असं करताना हात कसा धजला तुमचा?"

हे गप्प झाले. इतका वेळ बोलणारा माणूस एकदम गप्प. मला त्याचं नवल वाटतंय तोवर माझ्या बाजूने कुणीतरी पुढे गेलं. नणंद. लग्न ठरलेली मुलगी, डोक्याला तेल लावलेलं, वेणी न घातलेली, ती सरळ उंबरा ओलांडून सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली.

"अण्णाने नाही केलं," ती म्हणाली. "मी जुळवलं."

गल्लीत पलीकडच्या तिण्णैवर बसलेली माणसं माना वळवून बघायला लागली.

"तू?" व्याही म्हणाले. "खिळे?"

"हो. वहिनी तिरुवैयारुला गेल्या होत्या. मी जुळवलं, अण्णाने छापलं. तो नको म्हणत होता. मीच पाठवून द्यायला लावल्या."

"का पण?"

ती मागे सरली नाही. "आधी जे केलं होतं त्यात माझं नाव दिसत नव्हतं. अर्धी अक्षरं उमटलीच नव्हती. तुमच्या मुलाचंही नाही. लग्न आमचं आहे, मामंजी. कुणाचं ते लोकांना वाचता यावं असं वाटलं."

'मामंजी' म्हणाली ती. लग्नाआधी, भर गल्लीत. व्याह्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग खाली पत्रिकेकडे, मग परत तिच्याकडे. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर शाईचे डाग होते. ते मी इतके दिवस पाहत होते आणि मला काही सुचलं नव्हतं.

"माझ्या मुलाला ठाऊक आहे, तुला हे येतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. सांगायला हवं का?"

 व्याही पुन्हा बसले. थंड झालेली कापी उचलून एका दमात प्यायले. मग नुसतेच, कुणाकडे न पाहता म्हणाले, की त्यांच्या बाजूच्या पत्रिका पुन्हा छापून हव्यात. सभ्य अक्षरांत. आपल्या आप्तांना आणि कचेरीतल्या मंडळींना ते दुसऱ्यांदा वाटतील. मुलीकडच्या पत्रिकांबद्दल त्यांचं म्हणणं नाही. लग्न मोडायचं एक अक्षर बोलले नाहीत. जाताना मात्र वळून नणंदेला म्हणाले, "वेणी घाल आधी."

ते गेल्यावर मी ह्यांच्याकडे वळले. "तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"तिने नको म्हटलं."

"मी इतके दिवस बोलत होते!"

"हो, बोलत होतीस," हे म्हणाले.

आता ह्या माणसाचं काय करावं? ज्याने केलं नाही त्याने मुकाट ऐकून घ्यायचं आणि ज्याने ऐकवलं त्याला वर ओशाळं करायचं, ही काय वागण्याची रीत झाली? मी त्यांच्यावर आधीपेक्षा जास्त चिडले, आणि ते कशाबद्दल हे त्यांना समजावून सांगताना माझं मलाच धड सांगता येईना, म्हणून अजून चिडले. नणंदेवर चिडायला गेले तर ती माझ्या गळ्यात पडून रडली. तिच्यावरचा राग तिथेच वाहून गेला. ह्यांच्यावरचा राहिला.

व्याह्यांच्या पत्रिका मी केल्या. दाब बसवला. यंत्राच्या पाटीखाली पातळ कागदाचे तुकडे डिंकाने चिकटवून, एकेक रेघ उमटेपर्यंत, माझे डोळे दुखेपर्यंत. छापायला हेच होते. मी बाजूला उभी राहून पहिल्या काही पत्रिका उजेडाला धरून पाहिल्या. सुंदर झाल्या होत्या. मी सांगते, तशी छपाई आमच्या यंत्रावर त्याआधी झाली नव्हती आणि नंतरही नाही. वेलांट्या जिथल्या तिथे. सहाच्या आकड्याच्या टोकाला मोत्याची गाठ. हे म्हणाले, "छान आहे." मला वाटलं, चला, एकदा तरी.

ते दिवस उन्हाळ्याचे होते. उकाड्याने शाई पातळ होते, पसरते. पहिल्या पत्रिका तेवढ्या मी पाहिल्या होत्या. नंतर छापलेल्या पत्रिकांत त्या सहाची मोत्याची गाठ सुजत सुजत खाली वळली होती आणि त्याच्याच पोटाला जाऊन टेकली होती. सहाचा चक्क आठ झाला होता.

हे कळलं लग्नाच्या दिवशी. गल्लीत पंदल, म्हणजे मांडव, घातला होता, केळीचे खांब, नादस्वर, सगळं. मुहूर्त सहाचा. आमच्या बाजूची सगळी माणसं, दूर मन्नारगुडीहून आलेली म्हातारी आत्यासुद्धा, पाचापासून येऊन बसलेली. मुलाकडची पुढची ओळ जवळजवळ रिकामी. व्याही बेचैन होऊन पंदलाच्या दारापाशी येरझाऱ्या घालत होते. भटजी म्हणाले, वेळ थांबत नाही. तेव्हा नवऱ्याचा थोरला काका, घरातलं सर्वांत वडील माणूस, नसतानाच मंगळसूत्र बांधलं गेलं.

आठाच्या सुमारास काका आले. रेशमी धोतर, उपरणं, मागे कचेरीतल्या स्नेह्यांची अख्खी रांग. लोक पहिल्या पंगतीवरून उठून हात धूत होते. काकांनी ते दृश्य पाहिलं आणि कमरेची पत्रिका काढून व्याह्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"आठ लिहिलंय! तूच पाठवलीस! आधी एक आली, मी म्हटलं सहा. मग दुसरी आली, तू निरोप दिलास की पहिली टाकून द्या, हीच खरी!"

व्याह्यांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. मग त्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी हातात पंचपात्र घेऊन उभी. आणि माझ्या मागे, खांबाला टेकून, आमचे हे. हसत नव्हते. हसले असते तर परवडलं असतं. चेहरा अगदी गंभीर, सहानुभूतीने भरलेला, आणि डोळे पंदलाच्या छताकडे.

"मी काही बोललो का?" रात्री ते म्हणाले, मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं तर.

काकांची समजूत नवऱ्या मुलानेच काढली. त्याने त्यांच्या पायाशी बसून दोन्ही पत्रिका शेजारी ठेवल्या आणि शाळेत पोरांना दाखवावं तसं दाखवलं. काका म्हणाले, मला काय, मला तर ती दांडगी पत्रिकाच आवडली होती, चष्म्याशिवाय लागली. व्याही हे ऐकत होते. त्यांनी पुढे कधी पत्रिकेचा विषय काढला नाही. वर्षभराने त्यांच्या मेहुण्याच्या तांदळाच्या गिरणीची पत्रकं आमच्याकडे आली तेव्हा सोबत चिठ्ठी होती, ठळक छापावं. मी ती चिठ्ठी ह्यांना दाखवली नाही. आमच्या घरात समाधानाचा तुटवडा नव्हता.

लग्नानंतरची पहिली दिवाळी आमच्याकडे झाली, रीतीप्रमाणे. जावई नवीन, म्हणजे त्याचा मान. पहाटे उठून मी तेल कोमट केलं, शिकेकाई भिजवली, चुलीवर हंडाभर पाणी कढवलं, नवं धोतर हळद लावून पाटावर ठेवलं. दारात फटाके वाजायला लागले. शेजारीपाजारी एकमेकांना गंगास्नान, म्हणजे दिवाळीची अंघोळ, झालं का म्हणून विचारत होते, आणि माझा जावई कुठे दिसेना. नणंदही नाही. हेही नाहीत.

पुढच्या खोलीत दिवा होता. नणंद खणापुढे मांडी घालून बसली होती आणि भराभर खिळे उचलत होती, मला कधी जमलं नाही इतक्या भराभर. जावई तिच्या शेजारी उकिडवा बसून तिच्या हातांकडे पाहत होता. आणि आमचे हे, अंघोळ नाही, तेल नाही, एक खिळा जावयाच्या तळहातावर ठेवून सांगत होते की पिरॅमिड बांधताना इजिप्तच्या लोकांनी कसा विचार केला असेल.

"पाणी निवतंय," मी म्हटलं.

"पाय बघा ह्याचे," हे जावयाला म्हणाले.

"इजिप्तशी ह्याचा काही संबंध नाही," मी जावयाला सांगितलं. "माझ्या वडिलांना विचारा."

"मी वाचलंय कुठेतरी," जावई अदबीने म्हणाला, आणि मला हायसं वाटलं, शिकलेला मुलगा आहे, आता हा सांगेल. तो म्हणाला, "पण अण्णा म्हणतात तेही शक्य आहे."

मी आत गेले आणि हंड्याखाली आणखी लाकडं सारली.